आतड्याची शिवण

पोर्तो,
रविवार, ४ नोव्हेंबर २००७

आदरणीय श्रीमती बेनिल्द यांस,

ओळख नसताना आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. माझ्या आईला कुणा परक्या मुलीने असे पत्र पाठवले असते, तर तिने ते अर्ध्यावरच घडी करून ठेवले असते. आपणही तसे केलेत तर मला वाईट वाटणार नाही.

कण्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलांच्या पालकांची जी संघटना आहे, तिच्या त्रैमासिकाच्या शेवटच्या पानावर आपले पत्र छापून आले आहे. आपली मुलगी इरिया अकरा वर्षांची आहे, तिचे मूत्राशय नीट काम करीत नाही. परदेशात प्रयोगशाळेत रुग्णाच्याच पेशींपासून वाढवलेली मूत्राशये आपल्याकडे कधी येणार आणि त्यासाठी नाव कोठे नोंदवायचे, असे आपण विचारले आहे. पत्राखाली फोंतेला हे गावाचे नाव वाचून मी थबकले. माझी आजी देओलिंदा फोंतेलाची. तिची आणि आपल्या आईची आजी एकच होती, असे आई सांगते. म्हणजे लांबून का होईना, आपण माझ्या मावशी लागता. तेवढ्याच आधारावर लिहिते आहे.

मी येथील एका ग्रंथालयात काम करते. वैद्यकीय नियतकालिके माझ्या हातांखालून जातात आणि वाढवलेल्या अवयवांविषयी जे काही छापून येते, ते मी वाचत आले आहे. ‘येत्या पाच वर्षांत’ हे शब्द मी प्रथम वाचले तेव्हा मी शाळेत होते. आज माझे वय चोवीस आहे आणि गेल्या महिन्याच्या अंकातही तेच शब्द आहेत. प्रयोग खोटे नाहीत, ते करणारी माणसेही खोटी नाहीत. पण मोजक्या मुलांवर केलेला प्रयोग आणि आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयातले उपचार यांच्यात फार मोठे अंतर असते. आपण विचारता तशी यादी कोठेही नाही. हे कुणीतरी आपल्याला स्पष्ट सांगायला हवे होते. त्रैमासिकाच्या संपादकांनी आपल्या प्रश्नाखाली ‘आशा सोडू नका’ एवढेच छापले आहे.

इरियाच्या मूत्रपिंडांची अलीकडे तपासणी झाली का, आणि डॉक्टरांनी दुसरा काही मार्ग सुचवला आहे का, हे विचारण्याचा मला अधिकार नाही. तरी विचारते.

आपली नम्र,
नोएमिया


फोंतेला,
१८ नोव्हेंबर

नोएमिया,

देओलिंदाची नात म्हणजे कोण, हे मला आठवेना. अमादेउला विचारलं. माझ्या नवऱ्याला माझ्या माहेरची नाती माझ्याहून जास्त पाठ आहेत. तो म्हणाला, “ती लंगडणारी? शिकवायला पोर्तोला नेली होती ती?” मी म्हटलं, “लंगडते का ते माहीत नाही, पत्रात तरी ताठ चालते.”

राग मानू नकोस. पण वाचून वाचून सल्ला देणारी माणसं मला ढिगानं भेटलीत. औषधाच्या दुकानातली बाई सल्ला देते, पाद्री देतो, अमादेउची बहीण फ्रान्समधून फोनवर देते. लघवी काढायची नळी घालायची वेळ झाली की मात्र खोलीत मी आणि इरिया, दोघीच. दर चार तासांनी. ती तान्ही होती तेव्हापासून. आता ती स्वतः घालते, पण दार लावून मला बाहेर उभी करते. म्हणते, “आई, तिथंच थांब, पण बोलू नकोस.” मी अकरा वर्षं त्या दाराशी उभी आहे, आणि तू मला मासिकं वाचून दाखवतेस.

तू विचारलंस म्हणून सांगते. सप्टेंबरात आम्ही पोर्तोच्या मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बेनिल्दबाई, हिची लघवीची पिशवी आखडून कडक झालीय. सगळा दाब उलटा किडनीवर जातोय. आतड्याचा एक तुकडा घेऊन पिशवीला जोडायचा, म्हणजे ती मोठी होईल. जानेवारीत करून टाकू.”

मी म्हटलं, “टीव्हीवर नवी दाखवली ना, वाढवलेली? आम्ही तिच्यासाठी थांबतो.”

“किती थांबाल?”

“तुम्ही सांगाल तितकं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. बिचारीचा चेहरा माझ्यासारखाच दमलेला होता.

तर हे असं आहे. आता डुकरं कापायचे दिवस आलेत. आमचं घर सॉसेजवर चालतं, फेब्रुवारीच्या जत्रेपर्यंत मला मान वर करायला फुरसत नसते. आणि फोन करू नकोस. फोन स्वयंपाकघरात आहे आणि इरियाचे कान फार तिखट आहेत.

बेनिल्द

ता.क. तुझी आजी भली बाई होती. हे त्या उपदेशाचं उत्तर म्हणून नाही, असंच लिहिलं.


पोर्तो,
रविवार, २ डिसेंबर

आदरणीय बेनिल्दमावशी,

तुम्ही लिहिलेले योग्यच आहे. वाचून दिलेल्या सल्ल्याला दाराशी उभ्या असलेल्या माणसापुढे काही किंमत नसते. माझ्या पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. ती लपवावी असा हेतू नव्हता. ती लिहायची सवय नव्हती.

अमादेउकाकांना बरोबर आठवते. मी लंगडते, कुबड्या घेऊन चालते. आजीच्या गावी सर्वांना सांगितले होते की लहानपणी मोठा ताप आला आणि पाय गेले. ताप आला नव्हता. इरियासारखीच माझीही पाठ जन्मतः उघडी होती. ग्रंथालयातल्या लोकांना कुबड्या दिसतात, बाकीचे दिसत नाही. बाकीचे म्हणजे नळी, ती ठेवायची लहान पिशवी, आणि दुपारी सगळे कॉफीला गेले की मी मागच्या जिन्याजवळच्या स्वच्छतागृहात का जाते, ते. मावशी, हे मी आजवर कागदावर कधी उतरवले नव्हते. उतरवताना दोनदा उठून दार लावले आहे का पाहिले, आणि घरी तर मी एकटीच राहते.

तुमच्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलेली शस्त्रक्रिया माझ्यावर पंधराव्या वर्षी झाली. आईने ‘हो’ म्हटले, कारण तेव्हा नव्या मूत्राशयाची बातमी आमच्यापर्यंत पोचली नव्हती. निवडायला काही नसल्यामुळे आम्हाला निवडावे लागले नाही, हे आमचे नशीब. तुमच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या आहेत आणि त्यांतली एक नुसती दाखवण्यापुरती आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य कसे असते, ते लिहिते. नळी सुटत नाही. आतडे कोठेही नेले तरी चिकट स्राव सोडायचे थांबवत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मिठाच्या पाण्याने आतून धुवावे लागते. दोनदा खडे झाले, ते काढावे लागले. हे सुख नाही. पण माझी दोन्ही मूत्रपिंडे अजून माझी आहेत. रात्री मी सलग झोपते. शाळेच्या शेवटच्या वर्षी मी पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेले आणि संध्याकाळपर्यंत राहिले.

इरियाच्या मूत्रपिंडांना सूज आहे का, एवढे कळवाल का? वाट पाहण्याचा भार तुमच्यावर नाही, त्यांच्यावर पडतो आहे, आणि त्यांना बोलता येत नाही.

नोएमिया


फोंतेला,
६ जानेवारी २००८

पोरी,

उत्तराला उशीर झाला. यंदा चार डुकरं कापली. माझे हात मिठानं असे फुटलेत की पेन धरताना चरचरतं. आज राजांचा सण, नाताळचा शेवटचा दिवस, काम बंद, अमादेउ शेकोटीशी घोरतोय. म्हणून बसले.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा लाज वाटली, तुला लंगडी म्हटल्याची. दुसऱ्यांदा तुझ्या आईचा राग आला, ताप आला म्हणून गावभर सांगितल्याचा. मग आठवलं, आम्हीही शाळेत ‘कमरेचं दुखणं’ सांगितलंय.

आता मी तुला खरं सांगते. हे मी अमादेउलाही बोललेले नाही.

नवी पिशवी उद्या येत नाही, हे मला कळतं. मी येडी नाही. पण डॉक्टरांच्या तोंडावर आमच्यासारख्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘थांबू’ म्हणता येतं. टीव्हीवरच्या त्या बातमीनं मला ‘थांबू’ म्हणायची सोय करून दिली.

नाही का म्हणायचंय, ते ऐक. डुक्कर कापलं की आतडी आणि लघवीची पिशवी धुवायचं काम बायकांचं. नदीचं पाणी, मीठ, व्हिनेगर, संत्र्याच्या साली. आतडं उलटं करून खरवडायचं. पिशवी फुंकून फुगवायची, वाळवायची, मग तिच्यात वाइन-लसणात मुरलेली हाडं आणि बरगड्या दाबून भरायच्या आणि चुलीवरच्या धुरात टांगायची. हा आमचा बुतेलो. तुझ्या आजीनंच मला तो बांधायला शिकवला. मी दहा वर्षांची असल्यापासून किती पिशव्या या हातांनी ताणल्या असतील. कुठली किती भरेल, ते बोटाला कळतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एक पिशवी लहान निघाली. हाडं मावेनात. मी शहाणपणा केला, आतड्याचा तुकडा कापून तिला ठिगळासारखा शिवला. बारीक टाका, मेणाचा दोरा. दिसायला देखणं झालं. सासू म्हणाली, “सूनबाई, शिंपीण व्हायचंस तू.” आणि धुरात टांगल्यावर काही दिवसांनी ते बरोब्बर शिवणीवरून फाटलं. हाडं चुलीत. सासूनं त्यावर वर्षभर टोमणे मारले. मी हट्टी, पुढं आणखी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा फाटलं. आतडं एका अंगाला आखडतं, पिशवी दुसऱ्या. ती दोन एकमेकांची होत नाहीत.

डॉक्टरीणबाई कागदावर चित्र काढून दाखवत होत्या, इथून कापायचं, इथं शिवायचं, आणि मला ती हाडं राखेत पडलेली दिसत होती. पोरीच्या पोटात ते फाटलं तर? त्यांना काय सांगू? बाई, तुमचं ऑपरेशन माझ्या धुराड्यात तीनदा नापास झालंय, असं?

म्हणून वाढवलेली हवी होती. एकसंध. बिनशिवणीची.

तुझं शिकलेलं डोकं बाजूला ठेव आणि दोन गोष्टी सांग. तुझी शिवण कधी उसवली का? आणि आत्ता आम्ही हे करून घेतलं आणि पुढं कधी खरंच नवी निघाली, तर इरियाला ती मिळेल का? गोड बोलू नकोस.

सूज आहे. डाव्या किडनीला जास्त.

बेनिल्द


पोर्तो,
रविवार, १३ जानेवारी

प्रिय बेनिल्दमावशी,

शिकलेले डोके बाजूला ठेवायला सांगितलेत. पण पहिल्या प्रश्नाला त्याची थोडी गरज आहे. दुसऱ्याला नाही.

तुम्ही तीनदा पाहिलेत ते खरे आहे, आणि तसेच होणार होते. मेलेल्या आतड्यात रक्त वाहत नाही. त्यामुळे शिवणीच्या दोन कडा एकमेकींना कधीच धरत नाहीत, धरून असतो तो फक्त तुमचा दोरा. धुरात दोन्ही सुकतात, ओढतात आणि दोऱ्याशी फाटतात. शस्त्रक्रियेत तुकडा असा तोडून घेत नाहीत. त्याला रक्त देणारा पडदा तसाच ठेवून, जिवंतच्या जिवंत खाली ओढून आणतात. जखम भरते तशा त्या कडा भरून येतात. दोरा काही आठवड्यांत विरघळतो. माझ्या शिवणीत आज दोरा नाही, मावशी. तिथे कापले होते हे आतून दुर्बीण घालून पाहणाऱ्या डॉक्टरांनाही शोधावे लागते.

उसवली नाही. मात्र कधीच उसवत नाही, असे लिहिले तर ते गोड बोलणे होईल. क्वचित फुटते. नळी घालायची टाळली, पिशवी तुडुंब भरू दिली, तर फुटू शकते आणि मग जिवावर बेततेही. कण्याच्या दोषामुळे आम्हा लोकांना पोटात फारसे दुखत नाही, म्हणून कळायला उशीर होतो. इरियाला हे माहीत असायला हवे. पोट फुगले, ताप आला, खांदा दुखू लागला, तर त्याच क्षणी रुग्णालयात जायचे आणि पोहोचल्याबरोबर सांगायचे की मूत्राशयाला आतडे जोडलेले आहे.

हे पत्र येथवर शुक्रवारीच लिहून झाले होते. दुसऱ्या प्रश्नापाशी दोन दिवस थांबले.

गेल्या वर्षी परदेशातील एका रुग्णालयाने वाढवलेल्या मूत्राशयाच्या चाचणीसाठी माणसे मागितली होती. मी अर्ज केला. तुम्हाला आशा सोडायला सांगणारी मी, त्या अर्जासाठी तीन महिने सगळे कागद जमवत होते. उत्तर विनयाने लिहिलेले होते. ज्यांच्या मूत्राशयाला पूर्वी आतडे जोडलेले आहे, त्यांना या चाचणीत घेता येत नाही, कारण मूळच्या भिंतीच्या स्वच्छ पेशी मिळतील अशी खात्री नसते. नंतर इतरांच्या अटी वाचल्या. बहुतेकांत तेच आहे. पुढे बदलेल कदाचित. मला ठाऊक नाही.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे: ही शस्त्रक्रिया झाली तर इरियाला नवे मूत्राशय बहुधा मिळणार नाही. जे दार मी तुम्हाला बंद करायला सांगते आहे, ते खरोखरच बंद होते. हे मला पहिल्या पत्राच्या वेळीही माहीत होते. तेव्हा लिहिले असते तर तुम्ही ‘नाही’ म्हणाला असता, अशी भीती वाटली.

आता तुम्हाला सगळे माहीत आहे. तरीही माझे मत तेच आहे. डाव्या मूत्रपिंडाची सूज तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीत. मी ती सर्वात आधी वाचली.

नोएमिया


फोंतेला,
१७ फेब्रुवारी

नोएमिया,

महिनाभर तुला लिहिलं नाही. आधी रागानं, मग वेळ नव्हता म्हणून.

राग सांगते. तू खोटं बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं. ‘मिळेल मावशी, काळजी नको’ एवढं लिहिलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी ‘हो’ म्हणून मोकळी झाले असते आणि पुढं तुझ्या नावानं बोटं मोडली असती. तू ते माझ्यावरच टाकलंस. अमादेउ म्हणाला, “तूच तर लिहिलं होतंस, गोड बोलू नकोस म्हणून.” मी म्हटलं, “तू धुराकडे बघ.”

आणि मग कार्निव्हालच्या आठवड्यात इरियाला ताप भरला. थंडी वाजून दात कडकड वाजत होते. ब्रागान्साला, जिल्ह्याच्या रुग्णालयात भरती केली. तिथल्या तरुण डॉक्टरनं पडद्यावर किडन्या दाखवल्या. उजवी चालू आहे. डावी जवळजवळ थांबलीय. तो ‘जवळजवळ’ दोनदा म्हणाला, चांगला मुलगा.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला तशी ती मला म्हणाली, “आई, तू कुणाला पत्रं लिहितेस? मी आले की लपवतेस, म्हणजे माझ्याबद्दलच असणार.” तुझं शेवटचं पत्र माझ्या पर्समध्येच होतं. मी काढून दिलं. म्हटलं, “घे. तुझ्याच पिशवीबद्दल आहे.”

तिनं सावकाश वाचलं. आजारात तिचे डोळे फार मोठे दिसतात. अडलेले शब्द विचारले. शेवटी म्हणाली, “म्हणजे हे केलं की ती नवीवाली मला नाही.”

“बहुतेक नाही.”

“आणि नाही केलं तर?”

“तर थांबायचं.”

“किडन्या गेल्या तरी?”

मी तिचं पांघरूण सारखं करू लागले. ती म्हणाली, “मग ती नवी पिशवी भरणार कशानं?”

पोरी, सप्टेंबरपासून डॉक्टरीणबाई, अमादेउ, तू, सगळे मला समजावत होता. मला एकदाही हा प्रश्न पडला नाही. मी सगळा वेळ शिवणीकडे बघत होते.

मी जत्रेला गेले नाही. जावेनं माझा माल विकला, म्हणजे निम्मा उधारीवर वाटला असणार. मी पोर्तोला फोन लावला. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, “बेनिल्द बोलतेय, फोंतेलाहून. आम्ही थांबायचं थांबवलं.” त्यांनी वहीची पानं उलटली. मग म्हणाल्या, “बरं झालं. मार्चची तारीख देते.” अकरा तारीख दिलीय, मंगळवार.

धुराड्यातली गोष्ट मी त्यांना सांगून टाकली शेवटी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आईच्या मनात काय आहे, हे मला कधीच कुणी सांगत नाही.”

मी आनंदात आहे असं समजू नकोस. डावी गेली ती माझ्या ‘थांबू’मुळे. डॉक्टर म्हणतात तसं नक्की सांगता येत नाही. मला येतं.

एक मागणं आहे. अमादेउ गुरं आणि धूर सोडून येऊ शकत नाही. मी एकटी असेन. इरिया म्हणते, जिच्या पोटात ही शिवण आहे तिला बघायचंय. तुला लोकांत यायला जमत नाही, हे तुझ्या अक्षरावरून कळतं. तरी विचारते.

बेनिल्दमावशी


पोर्तो, रुग्णालय, तळमजला

प्रिय मावशी,

तुम्ही दोन मजले वर आहात आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे, याचे हसू येईल. शस्त्रक्रियागृहाच्या मजल्यावर रुग्णामागे एकाच माणसाला सोडतात. मी दरवाज्यावरच्या माणसाशी वाद घालू शकले असते. दुसऱ्या कुणी घातला असता. मी येथे चहाच्या यंत्राजवळच्या बाकावर बसले आहे.

काल भेटीच्या वेळी इरियाने तुम्हाला सूप प्यायला खाली पिटाळले. तेव्हा आमचे जे बोलणे झाले, ते तुम्हाला सांगायची तिने मला परवानगी दिली आहे. “आईला तू सांग. मी सांगितलं तर ती रडेल आणि मग मला तिला गप्प करावं लागेल,” असे तिचे शब्द.

तुम्ही गेल्यावर तिने पडदा ओढायला सांगितला. मग म्हणाली, “दाखव.” पोटावरचा तो व्रण डॉक्टरांखेरीज मी कुणाला दाखवला नव्हता. दाखवला. तिने बोट न लावता, जवळ वाकून नीट पाहिले, तुम्ही आतडे पाहत असाल तसेच पाहिले असणार. म्हणाली, “एवढंच?” मी म्हटले, “बाहेरून एवढंच.”

“आतलं धुवायला किती कंटाळा येतो?”

“रोज येतो.”

“तरी धुतेस?”

“धुते. रेडिओ लावून.”

मग काही वेळ ती पांघरुणाचा दोरा ओढत बसली. त्यानंतरचे जसेच्या तसे लिहिते.

“ती नवीवाली निघाली तर तुला देतील?”

“नाही. मी विचारून पाहिलंय.”

“आणि उद्यानंतर मला पण नाही.”

“बहुतेक नाही.”

“वाईट वाटतं?”

“वाटतं. कधी कधी फार.”

ती छताकडे पाहत राहिली. मला वाटले, आता रडेल, आणि मला लहान मुलांना गप्प करता येत नाही. तिने विचारले, “म्हणजे आपल्याला दोघींनाही नाही?”

“दोघींनाही नाही.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “मला वाटत होतं, मी एकटीच राहणार बाहेर.”

आणि कुशीवर वळून तिने मला तुमच्या जावेच्या नकला करून दाखवल्या, तुम्ही परत येईपर्यंत.

मावशी, डाव्या मूत्रपिंडाविषयी तुम्ही जे लिहिलेत, त्यावर तुमची समजूत घालणारे वाक्य मला अनेक दिवस सापडले नाही, आजही सापडलेले नाही. उजवे चालू आहे. आज सकाळी ते चालू आहे, एवढे मी वर जाणाऱ्या परिचारिकेला पुन्हा एकदा विचारून घेतले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या की आधी अमादेउकाकांना फोन करा. ते धुराकडे पाहत नसतील. नंतर सवडीने मला निरोप पाठवा. घाई नाही. ग्रंथालयातून मी आठवड्याची रजा घेतली आहे. रजेच्या कागदावर कारण विचारतात. ‘नात्यातल्या मुलीची शस्त्रक्रिया’ असे लिहिले, आणि प्रमुखांनी कसली म्हणून विचारले तेव्हा तेही सांगितले.

मी येथेच आहे.

नोएमिया

परिचारिकेच्या हाती वर पाठवले: मंगळवार, ११ मार्च २००८, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे.